लातूरची सोयापेंड परदेशात पाठवायची आहे, सुरुवात कुठून करावी? (सल्ला हवा)

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सभासद बहुतेक सोयाबीनवाले. आजवर माल गोळा करायचा, चाळणी मारायची आणि मिलला घालायचा, एवढंच करत आलो. आता एका सॉल्व्हेंट प्लांटशी (द्रावक वापरून तेल काढणारा कारखाना) बोलणं झालंय. आमचं सोयाबीन ते गाळून देणार, तेल ते ठेवणार, पेंड आमची. ही पेंड इथल्या पोल्ट्रीला घालण्यापेक्षा बाहेर पाठवू, असं संचालकांतल्या तरुण पोरांचं म्हणणं आहे. कुणी बांगलादेश म्हणतं, कुणी दुबई. एकानं तर व्हिडिओ बघून थेट चीन काढलं.

महिन्याला दोन-तीन कंटेनर माल निघेल. आयईसी (आयात-निर्यात कोड) काढून झालाय. कोणता देश धरावा, पैसे बुडू नयेत म्हणून काय करावं, आणि मुळात यात चार पैसे जास्तीचे सुटतात का, हे जाणकारांनी सांगावं. उगाच हुरूप वाढवू नका, खरं काय ते सांगा.

माळव्यातला मराठी

इंदूरला पेंडीची दलाली करतो, त्यामुळे दोन शब्द लांबतील, सांभाळून घ्या.

आधी भाव. क्विंटलभर सोयाबीन गाळलं की तेल निघतं १८ किलोच्या आसपास, पेंड ८० किलोच्या वर. वजनानं पाहिलं तर धंदा पेंडीचाच आहे, तेल वरकड. आणि या पेंडीचा जगातला भाव तुम्ही ठरवत नाही, लातूरची मिलही ठरवत नाही. तो ठरतो शिकागोच्या वायद्यावर आणि अर्जेंटिनात. (शिकागोचा टन ९०७ किलोचा असतो, हिशोब करताना हे विसरणारे बरेच बघितलेत.) सोयापेंडीची सर्वांत मोठी निर्यात अर्जेंटिना करतं. पाराना नदीकाठी रोसारिओच्या आसपास अवाढव्य गाळप कारखाने आहेत आणि जहाजं तिथूनच भरून निघतात. २०२५ च्या सप्टेंबरात तिथल्या सरकारनं सोयावरचा निर्यातकर काही दिवसांपुरता शून्य केला. ठरवलेली मर्यादा होती सात अब्ज डॉलरच्या नोंदणीची, ती तीन दिवसांत संपली. त्या तीन दिवसांत इथं आमचे फोन वाजायचे थांबले होते.

आपला सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामाला क्विंटलला ५,३२८ रुपये होता. एकरी उतारा त्यांच्यापेक्षा कमी, मिलाही छोट्या. त्यामुळे आपली पेंड बहुतेक वेळा त्यांच्यापेक्षा महागच पडते. मग ती कुणी का घ्यावी? मला दोनच कारणं दिसतात. एक, गिऱ्हाईक शेजारी आहे आणि त्याला जहाजभर नको, ट्रकभर हवी : बांगलादेश, नेपाळ. दुसरं, त्याला जीएम (जनुकं बदललेली) नसलेलीच पेंड हवी : युरोपातला काही भाग. आपल्याकडे जीएम सोयाबीनच्या लागवडीला परवानगी नाही, ही आपली एकमेव चढी बाजू. या दोन्हींत न बसणारा खरेदीदार तुम्हाला जास्त भाव देतो म्हणाला, तर आधी त्याच्यावर संशय घ्या.

चीनचं नाव वहीतून खोडा. ते वर्षाला दहा कोटी टनांच्या आसपास सोयाबीन आणतात आणि घरीच गाळतात. आपल्याकडून घेतात ती मोहरीची पेंड. मार्च २०२५ मध्ये त्यांनी कॅनडाच्या मोहरी पेंडीवर १०० टक्के शुल्क लावलं, त्या वर्षी तर जोरात घेतली. पण तो धंदा राजस्थानचा, लातूरचा नाही. व्हिएतनाम आणि जपान एकेकाळी आपले मोठे गिऱ्हाईक होते, आता ते दक्षिण अमेरिकेकडे वळले. इराणचं गणित वेगळं होतं. आपण त्यांचं तेल घ्यायचो, त्याचे रुपये इथल्या बँकेत साठायचे आणि त्यातून ते पेंड उचलायचे. मे २०१९ मध्ये तेल बंद झालं, मग रुपयाची ती विहीर आटत गेली.

वऱ्हाडी अंडेवाला

अमरावतीकडचा पोल्ट्रीवाला आहे. राग मानू नका, पण बाहेर बाहेर काय लावलंय? २०२१ च्या पावसाळ्यात हीच ढेप (तुमची पेंड) किलोला शंभरीला टेकली होती. कोंबडी विकून ढेपीचेही पैसे निघेनात. शेवटी सरकारला ऑगस्टमध्ये १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायची परवानगी द्यावी लागली. जी पेरायला चालत नाही तीच कोंबडीला चालली, यावर तेव्हा फार ओरड झाली. पण आमचा जीव वाचला.

सल्ला विचारलाय म्हणून देतो. इथला अंडीवाला रोखीनं किंवा आठ-पंधरा दिवसांच्या उधारीनं माल घेतो. माणूस ओळखीचा असतो, गाडी परत फिरत नाही. ते सोडून डॉलरमागं धावण्याआधी दोनदा विचार करा. मात्र हेही खरं की आता आम्हीही ढेप कमी केलीय. इथेनॉलच्या कारखान्यांतून मक्याचा आणि तांदळाचा डीडीजीएस (उरलेला वाळवलेला चोथा) ढिगानं येतोय आणि स्वस्त पडतोय. सगळी ढेप त्यानं भागत नाही, पण पाच-सात टक्के कमी केली तरी बिलात फरक दिसतो.

मांजराकाठ

भाऊ, राग कशाला. पण तेव्हाचे सोयाबीनचे क्विंटलला दहा हजारांचे भाव आम्हीही फक्त ऐकले. ऑगस्टात शेतकऱ्याच्या घरी सोयाबीन असतं कुठं? आमचं येतं दसरा-दिवाळीला, आणि तेव्हा भाव खाली आलेला होता. डीडीजीएसमुळेच तर मिलवाला पेंड आमच्या गळ्यात घालायला तयार झालाय, हे आता लक्षात येतंय.

माळवे साहेब, युरोपाचं जरा उलगडून सांगाल का? आमच्याएवढ्या लहान कंपनीला तिकडे कुणी उभं करतं का?

एल्बेकाठची

मी सांगते. मूळची उदगीरची, सध्या हॅम्बुर्गला पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे.

जर्मनीत दुधाच्या आणि अंड्यांच्या खोक्यांवर हिरवं 'ओने गेनटेक्निक' चिन्ह असतं, म्हणजे जनावराला जीएम खाद्य दिलेलं नाही. त्या दूधसंघांना जीएम नसलेली पेंड लागतेच. ब्राझीलमध्ये ती वेगळी सांभाळून मिळते, पण भारतातून येणारीला मागणी आहे. अट अशी की जीएमचं अपघाती मिश्रण ०.९ टक्क्याच्या आत हवं, आणि बरेच खरेदीदार करारात त्याहून कमी मागतात. भारतात पिकत नाही म्हणून आपोआप शून्य निघेल असं धरून चालू नका. ज्या गोदामात किंवा ट्रकमध्ये आधी आयात केलेली पेंड होती, तिथं तुमची भरली की अहवालात ते दिसतंच.

अडचणी दोन. पहिली साल्मोनेला. सॉल्व्हेंट प्लांटमध्ये पेंड तापते तेव्हा तो मरतो, पण थंड करताना, उघड्या अंगणात पोती भरताना, कबुतरांच्या कृपेनं परत येतो. इथं माल आल्यावर तो निघाला तर पुन्हा प्रक्रिया करायची किंवा माल नाकारायचा, आणि खर्च कुणाचा यावर वकील बसतात. म्हणून प्लांटचं कूलर आणि बॅगिंग स्वतः जाऊन बघा. बंदिस्त नसेल तर युरोप विसरा. दुसरी, बहुतेक खरेदीदार जीएमपी प्लससारखं खाद्यसुरक्षेचं प्रमाणपत्र मागतात आणि ते फक्त तुमचं असून पुरत नाही. प्लांट, गोदाम, वाहतूक, अख्खी साखळी त्यात यावी लागते.

पण एका बाबतीत तुम्ही मोठ्या निर्यातदारांच्या पुढे आहात. युरोपीय संघाचा जंगलतोडविरोधी कायदा सोयापेंडीलाही लागू होणार आहे. मुदत डिसेंबर २०२४ वरून ढकलत ढकलत पुढे नेली, तरी मोठे खरेदीदार तयारीला लागलेत. माल कोणत्या जमिनीच्या तुकड्यावर पिकला, त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील, आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर ती जमीन जंगल तोडून केलेली नसावी. मंडईतून माल उचलणारा मिलवाला हे कुठून आणणार? त्याच्या ढिगात चाळीस गावांचं सोयाबीन असतं. तुमच्याकडे सभासदांची यादी, गट नंबर, सातबारा सगळं कपाटात आहे. मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेल्या रानाला जंगल कोण म्हणणार! मात्र त्यासाठी तुमचं सोयाबीन प्लांटमध्ये वेगळं गाळलं गेलं पाहिजे. जॉबवर्कच्या नावाखाली मिलच्याच ढिगात ओतलं तर त्या यादीचा उपयोग नाही.

जेल्डाल

लातुरातल्याच एका लॅबमध्ये बसतो. ताईंनी साल्मोनेला सांगितला, मी साध्या गोष्टी सांगतो.

करारात लिहिलेलं असतं प्रोटीन ४६ किंवा ४८ टक्के, ओलावा जास्तीत जास्त १२, वाळू-सिलिका अडीचच्या आत. प्रोटीन आम्ही थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजतो आणि ६.२५ नं गुणतो. म्हणूनच पेंडीत युरिया मिसळणारे महाभाग असतात, कागदावर प्रोटीन फुगतं. नायट्रोजनबरोबर युरियाचीही चाचणी मागा, खर्च किरकोळ आहे.

दुसरं म्हणजे युरिएज, पेंड पुरेशी भाजली (टोस्टिंग) का ते दाखवणारं एन्झाइम. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं मरतो. टोस्टिंग कमी पडलं की युरिएज चढं येतं आणि पिल्लं वाढत नाहीत. जास्त झालं की लायसिन जळतं आणि केओएच विद्राव्यता (प्रथिनं किती विरघळतात तो आकडा) पडते. चांगला खरेदीदार हे दोन्ही आकडे बघतो. रंगावरून माल घेणारा खरेदीदार भेटला तर पैशांच्या बाबतीतही तो तसाच असणार.

नमुना काढताना वरच्या चार पोत्यांतून काढू नका. काढल्यावर तीन भाग, तिन्ही सीलबंद, एक स्वतःच्या कपाटात.

न्हावाशेवा

कस्टम क्लिअरिंग करतो. कागद सोपे आहेत : बँकेचा एडी कोड बंदरावर नोंदवा, शीर्षक २३०४, फायटोसॅनिटरी, फ्युमिगेशन, उत्पत्तीचा दाखला, खरेदीदार मागेल ते टेस्ट रिपोर्ट. एजंट करून देईल, यात डोकं घालू नका.

डोकं घालायचं ते कंटेनरमध्ये. वीस फुटीत साधारण वीस टन पेंड बसते. रिकामा कंटेनर आत शिरून, दार लावून बघा. उजेडाचा ठिपका दिसला तर परत पाठवा. आधीचा माल काय होता ते विचारा. आतून क्राफ्ट पेपर लावा, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा. दिवसा तापलेला डबा रात्री समुद्रावर गार होतो, छताला पाणी सुटतं आणि वरच्या दोन थरांना बुरशी येते. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून युरोपची बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. मार्ग लांबला की हा धोकाही वाढतो. बुकिंग करताना जहाज कुठून जाणार ते विचाराच.

आणि एक किस्सा. आमच्या एका पार्टीनं आखातातल्या खरेदीदाराला 'कागद आले की पैसे' या बोलीवर माल धाडला. माल वाटेत असताना भाव पडला. खरेदीदारानं कागद सोडवलेच नाहीत, वर म्हणाला दर कमी करा. तिकडे कंटेनरचं भाडं रोज चढत होतं. शेवटी निम्म्याच्या आसपास किमतीत तिथंच दुसऱ्याला दिला. पहिल्या व्यवहाराला एलसी (खरेदीदाराच्या बँकेचं हमीपत्र), तीही चांगल्या बँकेनं कन्फर्म केलेली. नाही तर आगाऊ पैसे. ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा घ्या, पण आधी त्या खरेदीदारावर ते मर्यादा देतात का ते बघा. तिथूनच अर्धी माहिती कळते.

माळव्यातला मराठी

वरच्या सगळ्यांना अनुमोदन. बांगलादेश-नेपाळचं राहिलं होतं.

नेपाळला व्यवहार रुपयात होतो, डॉलरची भानगड नाही. चितवनकडे पोल्ट्री भरपूर आहे. बांगलादेशाचा माल पेट्रापोलवरून ट्रकनं किंवा रेल्वे रेकनं जातो. पण तिथं डॉलरची टंचाई झाली की बँका एलसी उघडायला वेळ लावतात, २०२२ नंतर याचा भरपूर अनुभव आलाय. शिवाय नकाशा बघा. दोन्ही सीमा तुम्हाला लांब. ट्रकभाड्यातच तुमचा नफा जाईल. लातूरला जवळचं दार न्हावाशेव्याचं, पाचशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून तुमच्यासाठी एक तर युरोप, नाही तर हैदराबादची पोल्ट्री. मधलं फारसं काही नाही, आणि हे मी दलाल असून सांगतोय.

करार गाफ्टाच्या (धान्य-पशुखाद्य व्यापाऱ्यांची लंडनची संघटना) नमुन्यावर येईल, बहुधा १०० नंबर किंवा त्याच्या धर्तीवरचा. भांडण झालं तर लवाद लंडनचा, १२५ नंबरच्या नियमानं. दोन कंटेनरसाठी लंडनला भांडणं परवडत नाही. त्यामुळे गुणवत्ता भरणीच्या बंदरावर अंतिम, तपासणी दोघांना मान्य असलेल्या सर्व्हेयरची, आणि प्रोटीन कमी भरलं तर टक्क्यामागे किती कपात, हे तीन मुद्दे आधीच लिहून घ्या.

सेंद्रिय म्हणून अमेरिकेला पाठवू असं कुणी सुचवलं तर थांबा. भारताच्या सेंद्रिय सोयापेंडीवर त्यांनी मे २०२२ मध्ये जबर शुल्क लावलंय.

शेवटचं, सरकार. सोयापेंडीचे वायदे सेबीनं डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले आणि मुदत वाढवतच नेली, म्हणजे भावाचा धोका झाकायला इथं पांघरूण नाही. तांदळाच्या कोंड्याच्या पेंडीवर जुलै २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती दोन वर्षांहून जास्त चालली. व्हिएतनामचे गिऱ्हाईक तेवढ्यात दुसरीकडे गेले. शिवाय खाद्यतेलाचं आयात शुल्क बदललं की मिलचं पेंडीचं गणितही फिरतं. तेलात जास्त मिळालं की ते पेंड स्वस्त सोडतात. तुमच्या जॉबवर्कमध्ये तेल त्यांच्याकडे राहणार आहे ना? मग शुल्क वाढलं तर फायदा पूर्ण त्यांचा. गाळपाचा दर ठोक ठरवू नका, तेलाच्या भावाला बांधून घ्या.

मांजराकाठ

हा तेलाचा मुद्दा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. उद्याच मिलवाल्याशी पुन्हा बसतो.

सध्या ठरतंय असं : या हंगामात बहुतेक पेंड इकडेच विकायची आणि थोडा माल एखाद्या जुन्या निर्यातदाराच्या नावावर, वेगळा गाळून, युरोपला पाठवून बघायचा. चीनवाल्या संचालकांना धागा वाचायला दिलाय.

ताई, अक्षांश-रेखांशाचं एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे दोन-दोन एकरांचे तुकडे, एकेकाचे तीन ठिकाणी. प्रत्येक शेताच्या बांधावरून फिरून नकाशा काढावा लागेल का?

एल्बेकाठची

नाही. चार हेक्टरपर्यंतच्या तुकड्याला एकच बिंदू चालतो, दशांशचिन्हानंतर सहा आकड्यांपर्यंत. त्याहून मोठं रान असेल तरच चतुःसीमा लागते. पण तीन ठिकाणचे तीन तुकडे म्हणजे तीन बिंदू, घराजवळचा एक देऊन भागणार नाही. पेरणीच्या वेळी कुणीतरी मोबाइल घेऊन फिरलं तर गावातलं काम आठवड्यात उरकेल. बिंदूबरोबर गट नंबर आणि त्या वर्षी तिथं सोयाबीनच होतं याची नोंद ठेवा, ई-पीक पाहणीची प्रत जोडली तर उत्तम. तिथं तूर लावली होती असं मागाहून निघालं, तर तो तुकडा यादीतून काढावा लागेल, आणि मग पेंडीच्या वजनाशी एकरांचा मेळ बसेल की नाही तेही बघावं लागेल.