लाँग एक्स्पोजर शिकायचंय: दिवसाउजेडी पाण्याचे फोटो पांढरे होतात, एनडी फिल्टर नेमका कुठला घेऊ?

नवा_शटर

नमस्कार मंडळी. डीएसएलआर वापरतोय, मॅन्युअल मोड आता बऱ्यापैकी जमतो, आणि सध्या लाँग एक्स्पोजरचं (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोंचं) पार वेड लागलंय. त्या फोटोंमधलं गुळगुळीत पाणी, ओढल्यासारखे ढग, ते सगळं स्वतः करून बघायचंय. धबधब्यावर दिवसा प्रयत्न केला, सगळं सावलीतच होतं, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं भोक) पार एफ/२२ पर्यंत बंद केलं तरी २ सेकंद ठेवले की पाणी पांढरंफटक, डिटेल शून्य. १/६ सेकंदावर आणलं तेव्हा कुठे एक्स्पोजर बरोबर बसलं पण तोही फोटो झूम करून बघितला तर कडा मऊच वाटतात. ट्रायपॉड आहे, हलकावाला. लेन्स १८-५५ किट, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान).

एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) लागणार हे कळलंय पण ८, ६४, १००० असे आकडे बघून डोकं गरगरतं. व्हेरिएबल एनडी एकच घेतला तर सगळं भागेल का? ट्रायपॉड बदलावा लागेल का? पुढे ताऱ्यांचे फोटो पण काढायचेत, त्याला काय वेगळं लागतं तेही सांगा प्लीज.

डोंगरवाट

सरळ १० स्टॉपवाला घे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे एनडी १०००. कमी स्टॉपचा घेतलास तर ढगांसाठी परत दुसरा घ्यावा लागेलच, मग आधीच का नाही. आणि केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायचं वायरवालं बटण) घे, ३० सेकंदांच्या पुढे जायचं तर बल्ब मोड (शटर हवं तितका वेळ उघडं ठेवायचा) आणि रिलीज पाहिजेच.

सावली_उजेड

डोंगरवाट यांच्याशी रिलीजबद्दल सहमत, फिल्टरबद्दल नाही. म्हणजे १० स्टॉप वाईट नाही, पण पहिला फिल्टर म्हणून आणि तोही पाण्यासाठी, मी ६ स्टॉपच सांगेन.

तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू. एफ/२२ ला १/६ सेकंद आलं ना? आधी ते एफ/२२ सोडा. कडा मऊ येतायत त्याचं मोठं कारण तेच आहे, भोक इतकं बारीक केलं की प्रकाश कडेला वळून पसरतो (डिफ्रॅक्शन), क्रॉप सेन्सरवर एफ/१६ पासूनच ते दिसायला लागतं. एफ/८ ते एफ/११ मध्ये राहा. एफ/११ म्हणजे दोन स्टॉप जास्त प्रकाश, तर शटर १/२५ वर येईल. आता फिल्टरचा एक एक स्टॉप म्हणजे वेळ दुप्पट, बस एवढंच गणित आहे. ३ स्टॉप म्हणजे ८ पट, ६ स्टॉप म्हणजे ६४ पट, १० स्टॉप म्हणजे १०२४ पट, त्यालाच १००० म्हणतात, तुमच्या डोक्याला ताप देणारे आकडे ते हेच. काही कंपन्या ०.९, १.८, ३.० असं लिहितात, तिथे ०.३ म्हणजे एक स्टॉप धरायचा. तर १/२५ वर ६ स्टॉप लावला की साधारण अडीच सेकंद. १० स्टॉप लावला तर थेट ४० सेकंद.

आणि खरा मुद्दा इथे आहे. धबधब्याला ४० सेकंद दिलेत तर पाणी सगळं दुधाळ होतं, त्यातल्या धारा, वळणं, दगडावर फुटणारं पाणी काहीच उरत नाही. मला स्वतःला पाण्याला अर्धा ते २ सेकंद आवडतात, धारा लांबतात पण एकेक ओळखू येते. पडणारं पाणी जोरात असेल तर १/४ पण पुष्कळ होतं. उलट खाली डोह असेल आणि त्यात फेस गोल गोल फिरत असेल तर तिथे १५-२० सेकंद द्या, डोळ्याला नुसते ठिपके दिसत असतात आणि फोटोत फेसाची अख्खी भोवऱ्यासारखी रेघ उमटते. मला ते बघायला अजून तेवढंच भारी वाटतं. म्हणजे आधी काय हलतंय आणि किती वेगात हलतंय ते बघायचं, ते फोटोत कसं दिसायला हवंय ते ठरवायचं, त्यावरून सेकंद, आणि सेकंदावरून फिल्टर. बहुतेक जण उलटं करतात, फिल्टर आहे म्हणून वेळ ठरते.

व्हेरिएबलबद्दल: ते आत दोन पोलरायझर असतात एकमेकांवर फिरणारे. व्हिडिओला मस्त. पण १८ एमएमसारख्या वाईड लेन्सवर जास्त गडद केलं की आकाशात काळसर फुलीसारखा पट्टा येतो आणि तो एडिटिंगमध्ये नीट जात नाही. लँडस्केपला साधा फिक्स्ड घ्या.

अजून एक, फिल्टर घेताना आधी लेन्सचा थ्रेड बघा, झाकणाच्या आतल्या बाजूला एमएममध्ये लिहिलेला असतो. पुढे मोठी लेन्स घ्यायचा विचार असेल तर फिल्टर ७७ चा घेऊन स्टेप-अप रिंग लावा, फिल्टर दोनदा घ्यावा लागत नाही.

तिपाई

ट्रायपॉडबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. माझ्या मते पैसे आधी तिथे, मग फिल्टर.

बदलायचा की नाही ते घरीच तपासा. पूर्ण उंच करा, कॅमेरा लावा, लाईव्ह व्ह्यूमध्ये १० पट झूम करून लांबची एखादी गोष्ट धरा, खिडकीचा गज, तार, काहीही. आता एका पायाला बोटाने हलकी टिचकी मारा आणि स्क्रीनवर थरथर किती वेळ टिकते ते बघा. दोन-तीन सेकंद हलतच राहिलं तर त्या उंचीवर तो ट्रायपॉड कामाचा नाही. मग शेवटचे बारीक पाय आत घ्या, मधला खांब पूर्ण खाली करा आणि परत टिचकी मारा. बऱ्याचदा तोच ट्रायपॉड कमी उंचीवर एकदम ठीक असतो. मधला खांब वर काढणं म्हणजे तिपाईवर एकपाई उभी करणं, तो शक्यतो वापरूच नका. वारा असेल तर खाली बॅग लटकवा पण ती जमिनीला टेकलेली राहू दे, नाहीतर बॅगच झुलते आणि कॅमेऱ्याला हलवते. वाहत्या पाण्यात पाय ठेवला असेल तर तो थरथरतो, फोटो का हलला ते मग कळत नाही.

आणि डीएसएलआर आहे तर आरसा वर उचलतानाचा धक्का पण असतो. लाईव्ह व्ह्यूमध्ये आरसा आधीच वर असतो, तिथूनच काढा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. केबल रिलीज येईपर्यंत टायमरवर छान भागतं.

नवा_शटर

बाप रे, किती नीट समजावलंत, मनापासून आभार. टिचकी मारून बघितली, पूर्ण उंचीवर हलतोय, पाय आत घेतल्यावर शांत. म्हणजे तूर्तास ट्रायपॉड राहू दे.

मित्राचा १० स्टॉप मिळाला म्हणून लावून बघितला. तीन अडचणी आहेत. फिल्टर लावला की व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख, फोकसच होत नाही. फोटोला सगळीकडे तपकिरी झाक. आणि एका फोटोत मधोमध फिकट पट्टा आला, तो कशाचा? शिवाय ती जागा गर्दीची होती, माणसं फ्रेममधून हटतच नव्हती, त्याला काही उपाय आहे का?

सावली_उजेड

क्रम पाळा म्हणजे फोकसचा प्रश्न संपतो. फिल्टरशिवाय फ्रेम लावा, फोकस करा, मग लेन्सवरचं बटण एमएफला (मॅन्युअल फोकस) टाका. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (यात शटर कॅमेरा ठरवतो) शटर किती येतं ते बघून ठेवा, मग मॅन्युअलला येऊन तेवढे स्टॉप मोजून वेळ लावा. १/१२५ आलं असेल तर १० स्टॉपला ८ सेकंद. आता फिल्टर हलक्या हाताने फिरवून बसवा, फोकस रिंगला बोट लागू द्यायचं नाही. यूव्ही फिल्टर असेल तर आधी काढा, दोन फिल्टर एकावर एक आले की वाईडला कोपरे काळे होतात. ट्रायपॉडवर लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. हिशोबाने काढलेला पहिला फोटो अंतिम धरू नका, फिल्टरवर लिहिलेले स्टॉप थोडे इकडेतिकडे असतात, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघून वेळ कमीजास्त करा.

तपकिरी झाक गडद एनडीला येते कारण काही फिल्टर दिसणारा प्रकाश अडवतात पण इन्फ्रारेड तेवढा अडवत नाहीत. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) काढा, व्हाईट बॅलन्स नंतर बसवता येतो.

फिकट पट्टा बहुतेक व्ह्यूफाइंडरमधून आत शिरलेल्या उजेडाचा आहे. ऊन मागून असेल आणि वेळ मोठी असेल तर हमखास. व्ह्यूफाइंडरचं भोक झाकायचं. काही कॅननच्या गळपट्ट्यालाच रबराचं छोटं झाकण असतं ते याचसाठी, नसेल तर काळी टेप.

तिपाई

गर्दीचं उत्तर लाँग एक्स्पोजरमध्येच आहे. डागेर या फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळातल्या फ्रेंच संशोधकाने १८३८ च्या सुमारास पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो काढला होता, एक्स्पोजर काही मिनिटांचं. रस्ता गजबजलेला असणार, पण फोटोत तो रिकामा दिसतो, कारण चालणारी माणसं आणि गाड्या एका जागी इतका वेळ थांबल्याच नाहीत की त्यांची नोंद व्हावी. फक्त एक माणूस बुटाला पॉलिश करून घेत उभा होता, तो उमटला. माणसाचा फोटो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी तो आहे. तेच तुम्ही करा, २-३ मिनिटं द्या, चालणारे सगळे गायब होतात. बसलेले मात्र राहणार, आणि पांढरे कपडे घालून रेंगाळणारे धुरकट दिसणार, त्यांच्यासाठी थांबावंच लागतं.

निशाचर

ताऱ्यांचं राहिलं. तिथे एनडीचं काम नाही, उलट जेवढा प्रकाश मिळेल तेवढा हवा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, आयएसओ १६०० ते ३२००, आणि वेळ मात्र मर्यादित, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि तारे रेघा होतात. जुना नियम: ५०० भागिले फोकल लेंग्थ. क्रॉपवर १८ म्हणजे १.५ ने गुणून २७, तर १८ सेकंद. पण आताच्या जास्त मेगापिक्सेलच्या सेन्सरवर त्यातही तारे लांबट दिसतात, मी ५०० ऐवजी ३०० धरतो, म्हणजे ११ सेकंद. फोकस ऑटोवर होत नाही, लाईव्ह व्ह्यूमध्ये सगळ्यात तेजस्वी तारा झूम करून तो सगळ्यात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवायची.

रेघाच हव्या असतील तर एकच तासाभराचं एक्स्पोजर देऊ नका, सेन्सर तापतो, नॉइज वाढतो, मध्येच कोणी टॉर्च मारला तर अख्खा तास वाया. ३०-३० सेकंदांचे सलग फोटो काढा आणि स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये जोडा, फुकट आहे. तेव्हा कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आठवणीने बंद ठेवा, ते प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ अजून एक काळी फ्रेम काढतं आणि रेघांमध्ये गॅप पडतात. एकेक मोठा फोटो काढताना मात्र ते चालू असलेलं बरं.

हीच युक्ती दिवसा पाण्यालाही चालते. फिल्टर नसेल तेव्हा १/६ चे १५-१६ फोटो सलग काढा, फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट करून स्टॅक मोडमध्ये मीन (सगळ्या फोटोंची सरासरी) निवडा, जवळपास अडीच सेकंदांसारखं पाणी मिळतं आणि नॉइजही कमी होतो. तुमचा ६ स्टॉप येईपर्यंत यावर हात बसवा, फक्त मधल्या काळात ट्रायपॉड केसभरही हलला नाही पाहिजे.