नागरिकत्व ‘सोडलं’ की ‘संपलं’?

कृष्णाकाठ (सांगली):
माझ्या आतेभावाने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. आत्या सगळ्यांना सांगते, “पोरानं भारताचं नागरिकत्व सोडलं.” त्याला हा शब्द फार लागतो. “मी सोडलं नाही गं आई, ते आपोआप गेलं,” म्हणतो. गणपतीत यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. सोडणं, जाणं, रद्द होणं हे सगळं आपण एकाच अर्थाने वापरतो. नेमका शब्द कोणता?

अजिंक्यतारा (सातारा):
भावाचं बरोबर आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात यासाठी लागोपाठ तीन कलमं आहेत. ८ वं त्यागाचं: माणूस स्वतः घोषणापत्र देतो, ते नोंदलं गेलं की नागरिकत्व सुटतं. ९ वं समाप्तीचं: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं तिथेच संपतं, वेगळी घोषणा लागत नाही. १० वं काढून घेण्याचं, म्हणजे सरकारने आदेश काढून. फसवणुकीने मिळवलं असेल तर, किंवा अशाच काही कारणांसाठी. जन्माने मिळालेलं नागरिकत्व या १० व्या कलमाखाली काढून घेता येत नाही.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. त्याग केला तर अल्पवयीन मुलांचंही नागरिकत्व जातं, पण सज्ञान झाल्यावर वर्षभरात घोषणा करून त्यांना ते परत मिळवता येतं. समाप्तीच्या कलमात ही सोय नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे हेच आलं होतं. सिंगापूरचं नागरिकत्व घेतलेल्या आईवडिलांचा मुलगा ८ व्या कलमाच्या आधारे परत मागत होता. न्यायालय म्हणालं, आईवडिलांनी त्याग केलेला नाही, त्यांचं नागरिकत्व ९ व्या कलमाने संपलं, म्हणून ही वाट मुलाला नाही. एका क्रियापदावर दावा गेला!

‘पासपोर्ट सरेंडर केला’ हेही वेगळं. पासपोर्ट जमा होतो तेव्हा नागरिकत्व आधीच संपलेलं असतं.

सेतूवाली (कोरेगाव):
आमच्याकडे याहून मोठा घोळ ‘डोमिसाईल’चा. त्या दाखल्याचं पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’. तीन गोष्टी एका कागदावर. नातवाचा अर्ज त्रुटीत निघाला म्हणून एक आजोबा विचारत होते, “म्हंजे त्यो आता भारताचा न्हाई का?” खरंच घाबरले होते. अधिवास म्हणजे कायमचं राहणं, इतकंच. दाखला अडला म्हणून नागरिकत्व जात नाही, हे मी आता प्रत्येकाला समजावून सांगते.

विटेकर:
ताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. आमच्या भागातली माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी देशभर पसरलीत. चुलते कोइमतूरला आहेत, गावात म्हणतात “ते आता तिकडचे झाले.” अधिवास बदलला असेल, नागरिकत्व कसं बदलेल? भारतात राज्याचं वेगळं नागरिकत्वच नाही.

आणि परीक्षेच्या पुस्तकातला ‘नैसर्गिकीकरण’ हा शब्द कुणीतरी बदला हो! परक्या माणसाने इथं साधारण बारा वर्षं काढायची, आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा पुरेशी शिकायची (मराठीही चालते), शपथ घ्यायची, याला ‘नैसर्गिक’ कसं म्हणायचं? ‘देशीयकरण’ त्यातल्या त्यात बरा. आमच्याकडे अशा माणसाला ‘रुळला’ म्हणतात.

कृष्णाकाठ (सांगली):
आत्याला सगळं वाचून दाखवलं. तिने लगेच नातीचं विचारलं. पुतणी मिरजेत जन्मलेली, आईवडील दोघेही तेव्हा भारतीय. सहा वर्षांची आहे, पासपोर्ट भारताचाच. बापाबरोबर तिचंही संपलं का?

अजिंक्यतारा (सातारा):
तिच्या नावाने कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज केला नसेल तर नाही, ती भारताचीच नागरिक आहे. अर्ज भरायचा विचार असेल तर मात्र भावाला सही करण्याआधी वकिलाला भेटायला सांगा.