"हे आले नाहीत अजून?" : आईवडिलांचा स्मृतिभ्रंश आणि आपलं उत्तर

आईला डिमेन्शिया आहे हे कळून तीन वर्षं झाली. बाबांना जाऊन पाच. तरी रोज अंधार पडायला लागला की आई दाराकडे बघत विचारते, "हे आले नाहीत अजून?"

सुरुवातीला मी खरं सांगायचे. "आई, बाबा गेले गं." तिला ते दर वेळी पहिल्यांदाच कळायचं. रडायची. मला कुणी सांगितलं कसं नाही म्हणून माझ्यावर चिडायची. अर्ध्या तासाने आपण कशासाठी रडलो तेही तिला आठवायचं नाही, पण जीव घाबराघुबरा झालेला असायचा. असं सलग चार दिवस झालं आणि पाचव्या दिवशी माझी जीभच उचलेना. म्हटलं, "उशीर होणार आहे म्हणालेत." ती "बरं" म्हणाली आणि जेवायला बसली.

तेव्हापासून हेच चालू आहे. पण आईशी रोज खोटं बोलते हे मनाला लागून राहतं. तुम्ही काय करता? उपदेश नकोत, ते नातेवाईक भरपूर देतात. तुमच्या घरात काय घडलं ते लिहा.

* * *

आमच्याकडे चोरी. बाबांनी आयुष्यभर हिशेब लिहिले. आता पाकीट लपवतात, लपवलेलं विसरतात आणि चोर मी. एकदा मी पुराव्यानिशी भांडलो. उशीच्या अभ्र्यातून पाकीट काढून त्यांच्या समोर धरलं. शांतपणे म्हणाले, "तुला बरोबर ठाऊक होतं, कुठे ठेवलंस ते." तिथे माझी वकिली संपली.

आता "अरेच्चा, चला शोधू" म्हणतो आणि दोघं मिळून कपाट उपसतो. तसलंच दुसरं पाकीटही आणून ठेवलंय. डॉक्टरांनी सांगितलं ते मला उपयोगी पडलं: नव्या आठवणी रुजवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, अल्झायमरमध्ये लवकर खचतो. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीचा ताळेबंद तोंडपाठ आणि सकाळची आंघोळ गायब. मधली रिकामी जागा मेंदू मग स्वतःच काहीतरी रचून भरतो. ते मुद्दाम आळ घेत नाहीत. हे कळल्यावर राग जातो असं मुळीच नाही, पण लवकर उतरतो.

* * *

थोडा विरोधी सूर लावते. सरसकट "हो ला हो" मला पटत नाही. निदान झालं तेव्हा माझ्या आईला बरंच समजत होतं, आणि आम्ही सगळे तिच्या मागे कुजबुजत होतो. एके दिवशी तिने मला समोर बसवलं. "मला वेड लागतंय का? खरं सांग." मी सांगितलं. आजाराचं नाव, पुढे काय काय होऊ शकतं, सगळं. तिने त्याच महिन्यात मृत्युपत्र केलं, बँकेच्या खात्यांना माझं नाव लावलं आणि शेवटी नळ्या घालून ठेवू नका हे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं. वर्षभराने तिला सहीसुद्धा जमेना. आम्ही तिला फसवत बसलो असतो तर हे सगळं राहूनच गेलं असतं.

आज मीही "येतील हं" म्हणते. ती वेळ वेगळी होती, ही वेगळी.

* * *

थोडं विषयांतर, पण लिहितोच. बाबा दोन दिवसांत एकाएकी बिघडले. बडबड, रात्रभर जागरण, मला ओळखेनात. आम्ही धरून चाललो की आजार पुढच्या पायरीवर गेला. निघाला लघवीचा संसर्ग! औषधं घेतल्यावर आठवड्याभरात पहिल्यासारखे झाले, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या विसरभोळेपणावर आले. डिमेन्शिया सहसा हळूहळू वाढतो. असा अचानक घोळ झाला तर लगेच डॉक्टर गाठा. आणि विसरायला लागले की "वय झालं" म्हणून सोडू नका. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साकळलेलं रक्त, यांनीही असं होतं आणि यांवर उपचार आहेत. सर्दीच्या आणि झोपेच्या काही गोळ्यांनीही भ्रम वाढतो. त्या मनाने देऊ नका.

* * *

सासऱ्यांना कोपऱ्यात मुलं दिसतात. "त्यांना बसायला सांग, किती वेळची उभी आहेत." हा लुई बॉडी नावाचा प्रकार, त्यात असे भास फार. मी मुलांना बसायला सांगते. पूर्वी मी "तिथे कुणी नाहीये" म्हणायचे, तेव्हा तेच मला वेड्यात काढायचे. त्या कोपऱ्यात मोठा दिवा लावला, समोरचा आरसा काढला, तशी मुलं येणं बरंच कमी झालं.

एक मात्र ध्यानात ठेवा. रात्री शांत राहावेत म्हणून एका ठिकाणी त्यांना भ्रमावरचं इंजेक्शन दिलं आणि ते दोन दिवस लाकडासारखे ताठ पडून होते. या प्रकारात तसली काही औषधं घातक ठरतात. आता आजाराचं नाव फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय.

* * *

मी एकदा आईवर हात उचलला. रात्री तिसऱ्यांदा कपडे बदलताना. तिला सकाळी काहीच आठवलं नाही, मला अजून आठवतं. भाऊ फोनवर म्हणतो, "माझ्याशी तर छान बोलते, तू उगाच वाढवून सांगतेस." बोलतेच! पाहुणा आला की दहा मिनिटं सगळं गोळा करून नीट बोलते आणि मग उरलेला दिवस त्याची भरपाई. त्याला आठ दिवस राहायला बोलावलं. चौथ्या दिवशी त्यानेच रात्रीसाठी बाई शोधली.

* * *

मी धागा सुरू केला होता. सगळं वाचलं. काल "उशीर होणार आहे"च्या ऐवजी आईला विचारून बघितलं, "बाबांची आठवण येतेय का गं?"

"आठवण कसली?" ती म्हणाली. "किल्ली नाहीये त्यांच्याकडे. तू दार लावून झोपशील आणि ते बसतील बाहेर."

तीन वर्षं मी वेळेचं उत्तर देत होते. आज संध्याकाळी म्हटलं, "किल्ली मी दिलीय त्यांना." ती दारासमोरून उठली.