सुरुवातीच्या क्वेकरांचं लेखन: कुठून सुरू करू?

दौतटाक
१६५० ते १७०० मधलं क्वेकरांचं (इंग्लंडमध्ये तेव्हा निघालेला एक ख्रिस्ती पंथ) धार्मिक लेखन मुळातून वाचायचंय. जॉर्ज फॉक्सचं 'जर्नल' आधी घ्यावं की रॉबर्ट बार्क्लेचं 'अपॉलॉजी'? इतिहास दुय्यम. त्यांचा 'आतला प्रकाश' आणि मौनातली उपासना म्हणजे नेमकं काय, ते हवंय.

निवांत_वाचक
आधी दोन्ही नकोत. आयझॅक पेनिंग्टनची पत्रं घ्या. बहुतेक छोटी आहेत आणि समोरच्या एका माणसाची घालमेल ओळखून लिहिलेली आहेत. रोज एकच वाचा, सलग दहा वाचलीत तर सगळी सारखी वाटू लागतात. 'बीज' (सीड, माणसाच्या आत असलेला देवाचा अंकुर) हा शब्द कुठे कुठे येतो त्यावर खूण करत जा.

मग बार्क्ले, पण पहिल्या पानापासून नाही. पुस्तक आधी लॅटिनमध्ये आलं (१६७६), इंग्रजीत १६७८ साली. रोख धर्मपंडितांकडे, त्यामुळे आक्षेप-उत्तर-आक्षेप असा शास्त्रार्थ चालतो आणि नवा वाचक तिथेच गळतो. एकूण १५ प्रमेयं आहेत. उपासनेसाठी ११वं, मग प्रकाशासाठी ५वं आणि ६वं एकत्र. बाप्तिस्मा (१२) आणि प्रभुभोजन (१३) सध्या सोडलंत तरी चालेल.

पानगळ
पेनिंग्टनला +१, पण फॉक्स फार लांबवू नका. प्रश्न आवृत्तीचा आहे. १६९४ची छापील प्रत फॉक्सच्या मृत्यूनंतर टॉमस एलवुडने संपादित केली, बरेच खडबडीत कोपरे घासून. १९११ची केंब्रिज आवृत्ती हस्तलिखित जसंच्या तसं छापते, म्हणजे स्पेलिंगचं जंगल. पहिल्या वाचनाला जॉन निकल्सची १९५२ची बरी. १६४७ ते १६५३ एवढाच भाग आधी वाचा, पेंडल टेकडी (तिथे फॉक्सला दर्शन झालं) आणि स्वार्थमूर (मार्गारेट फेलचं घर, पुढे पंथाचं केंद्र) त्यातच येतात.

फॉक्स जड जातो कारण तो बायबलची वचनं संदर्भ न देता स्वतःच्या वाक्यात विणतो. किंग जेम्स बायबल शेजारी हवंच. योहान १:९ मध्ये 'जगात येणारा' हे तिथे माणसाला लागतं, बऱ्याच नव्या भाषांतरांत प्रकाशाला. प्रकाश प्रत्येकाला मिळालेला आहे हा क्वेकरांचा दावा याच ओळीवर उभा, म्हणून नवं भाषांतर घेऊन बसलात तर त्यांचा मुद्दा अर्धा निसटतो.

खिळेजुळारी
जुन्या छापील प्रतींच्या स्कॅनमध्ये शोधणार असाल तर सावध. तेव्हाचा लांब 'एस' (ſ) 'एफ'सारखा दिसतो, म्हणून संगणक त्याला 'एफ' वाचतो. 'सीड'चं 'फीड' होतं आणि 'सोल'चं चक्क 'फाउल'! दोन्ही रूपं शोधा.

तारखांचाही घोळ आहे. वारा-महिन्यांची नावं मूर्तिपूजकांची म्हणून क्वेकर नुसते आकडे लिहीत. वर्ष २५ मार्चला सुरू होई, पहिला महिना मार्च. म्हणून युद्धाला नकार देणारं इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सपुढचं निवेदन '११वा महिना १६६०' सांगतं, ते आपल्या हिशेबाने जानेवारी १६६१. आणि 'प्रोफेसर' म्हणजे प्राध्यापक नव्हे, तोंडाने धर्म सांगणारा माणूस. 'स्टीपल-हाउस' म्हणजे चर्चची इमारत. त्यांच्या लेखी चर्च म्हणजे माणसं.

दौतटाक
सगळ्यांना 'दाऊ' (thou) म्हणण्याचा क्वेकरांचा हट्ट तेवढा कळत नाही. आज तर तो शब्द भारदस्त वाटतो.

पानगळ
उलट आहे. तेव्हा 'दाऊ' म्हणजे सरळ अरे-तुरे. न्यायाधीशालाही 'तू', टोपी न काढता! मराठी वाचकाला यातला उर्मटपणा चटकन कळावा. बार्क्लेचं १५वं प्रमेय बघा.

दौतटाक
मार्गारेट फेल कुठे बसवू? आणि फॉक्सचा सुरुवातीचा सहकारी जेम्स नेलर?

निवांत_वाचक
फेल पेनिंग्टननंतर, बार्क्लेआधी. 'विमेन्स स्पीकिंग जस्टिफाइड' (१६६६) तुरुंगात असताना लिहिलेली छोटी पुस्तिका, एका बैठकीत होते. १ करिंथ १४:३४-३५ उघडून ठेवा, स्त्रियांनी मंडळीत गप्प बसावं ही ती ओळ. सगळा वाद तिच्याशी आहे. नेलर शेवटी. त्याची १७१६ची संकलित आवृत्ती टाळा, अडचणीचे काही लेख तीत गाळलेत.