सहा आठवड्यांचं उन्हाळी शिबिर : जीवनकौशल्यं आणि मेंटर, दोन्ही कसं बसवायचं?

खटपट्या
उन्हाळी सुट्टीत १३ ते १७ वयाच्या २४ मुलामुलींसाठी शिबिर घ्यायचं आहे. सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, रोज अडीच तास. सहा मेंटर आहेत, सगळे स्वयंसेवक. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतली दहा जीवनकौशल्यं (निर्णय घेणं, समानुभूती, ताण हाताळणं वगैरे) दिवसाला एक अशी लावलीत, उरलेले आठ दिवस उजळणी. दोन शंका आहेत. पहिल्या आठवड्यानंतर मुलं गळू नयेत म्हणून काय करावं? आणि मेंटरने नेमकं करायचं काय?

सुईदोरा
गळती तुमच्या वेळापत्रकातच आहे. "मंगळवार : समानुभूती" असं लिहिलं की त्याचं व्याख्यान होणारच. ती यादी तुमच्या वहीत ठेवा, मुलांना दाखवू नका. त्यांना कामं द्या. १८ दिवसांना सहा कामं पुरतात, एकेका कामाला तीन दिवस. पहिल्या दिवशी बघून करायचं, दुसऱ्या दिवशी न बघता, तिसऱ्या दिवशी दुसऱ्याला शिकवायचं. सहापैकी दोन कामं मुलांनाच निवडू द्या.

उदाहरणार्थ, शर्टाला बटण लावणं. दोरा दुहेरी करून हातभर पुरे. बटणावर आगपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून पाच-सहा टाके घालायचे. मग काडी काढून बटण वर ओढायचं, खाली जो सैल दोरा दिसतो त्याला तीन-चार वेढे द्यायचे आणि कापडाच्या मागे गाठ मारायची. काडी न ठेवता लावलेलं बटण कापडाला चिकटून बसतं आणि काजात घालताना कापड ओढलं जातं. पहिल्या दिवशी बहुतेक जण वारंवार ओवायला नको म्हणून लांबलचक दोरा घेतात, मग गुंता होतो आणि चिडचिड होते. तेव्हा गुंता सोडवून देऊ नका. तुमचा ताण हाताळण्याचा तास तोच!

प्रथमोपचारातही तेच. भाजलेली जागा २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायची. बर्फ नको, टूथपेस्ट नको. हे नुसतं सांगून भागत नाही. घड्याळ लावून खरंच २० मिनिटं उभं करा. पाचव्या मिनिटाला "झालं की" सुरू होतं.

काजवा
मेंटरबद्दल. एकाला चार मुलं देण्यापेक्षा दोघांना मिळून आठ द्या. एक जण आला नाही तरी गट उघडा पडत नाही, आणि बंद दाराआड एकटा मोठा व एकटं मूल अशी वेळ येत नाही. १३-१४ आणि १५-१७ असे गट वेगळे ठेवा, नाहीतर धाकटे तोंडच उघडत नाहीत. निवडताना ओळखीचा असला तरी दोन ठिकाणी चौकशी कराच. खासगी मेसेज बंद, निरोप फक्त गटावर. भेटवस्तू आणि उसने पैसे दोन्ही नाही.

"कुणाला सांगणार नाही" हे वचन कधीच द्यायचं नाही. पहिल्याच दिवशी मेंटरने सांगावं, "तुझं बोलणं माझ्याजवळ राहील; पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होईल असं वाटलं तर मला सांगावं लागेल, आणि ते तुला आधी सांगून करीन." कुणाला सांगायचं ते नाव शिबिराआधी ठरलेलं हवं.

पहिले दोन आठवडे सल्ला बंद. "असं का केलंस?" विचारलं की मूल बचाव करायला लागतं; "मग पुढे काय झालं?" विचारलं की बोलत राहतं.

आणि शेवटची तारीख पहिल्या दिवशीच सांगा. अमेरिकेतल्या मेंटरिंगवरच्या २००२ च्या एका अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांमधल्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास घटलेला दिसला. तुमचे तर सहाच आठवडे. त्यामुळे "मी कायम आहे" छापाची भाषा मेंटरना करू देऊ नका. वर्षभर महिन्याला एक भेट जमणार असेल तर तसं सांगा, आणि मग ती चुकवू नका.

खटपट्या
वेळापत्रक फाडलं. :) पैशांचा हिशोब हे एक काम घ्यायचं आहे. तक्ता भरून घ्यायचा का?

सुईदोरा
तक्ता नको. प्रत्येक जोडीला ५० बिया द्या, हे महिन्याचं उत्पन्न. भाडं १८, जेवण १५, प्रवास ६ आधीच बाजूला. उरलेल्या ११ कुठे ठेवायच्या ते त्यांनी ठरवायचं. मग चिठ्ठ्या काढायच्या : चप्पल तुटली ४, मित्राचा वाढदिवस ३, दाताचं दुखणं ९. असे तीन महिने खेळायचे. पहिल्या महिन्यात निम्मे तरी बुडतात, आणि बुडण्याआधी बचतीवर बोलायचा मोह मेंटरने आवरायचा. उधारी मागितली तर द्या. पुढच्या महिन्यात पाचाला सहा परत.

दप्तर
गळतीचं राहिलंच. जो आला नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी फोन, गटाच्या मेंटरनेच करायचा. "का आला नाहीस" नको. "उद्या तुझ्या जोडीदाराला तू लागणार आहेस" एवढंच.