गावाच्या नावाचा उगम शोधायचाय, सुरुवात कुठून करू?

ओढ्याकाठचा
आमच्या गावाच्या नावात शेवटी 'नेर' आहे, सरकारी कागदावर पुढे 'बुद्रुक'. जाणती मंडळी सांगतात, नेर म्हणजे नीर, कारण ओढ्याला बारमाही पाणी असायचं. बुद्रुकचं कुणालाच धड सांगता येत नाही. जत्रेला छोटी पुस्तिका काढतोय. काय वाचू, कुणाला विचारू?

मोडीवेडा
बुद्रुक सोपं आहे. फारसी 'बुजुर्ग', म्हणजे थोरलं. जोडीला 'खुर्द', म्हणजे धाकटं. जवळपास खुर्द असेलच, बघा.

नेरची मात्र घाई नको. संस्कृत नगर, प्राकृत णयर, मग नेर, ही वाट मला जास्त पटते. संगमनेर, अंमळनेर, पारनेर. पारनेर तालुका तर दुष्काळी म्हणून ओळखला जातो, तिथे नीर कुठून आणायचं?

जुनी वेस
आधी नावाचं सगळ्यात जुनं लिखित रूप शोधा, अर्थ नंतर. तेही एकावर थांबू नका. पुण्याचंच घ्या. राष्ट्रकूटांच्या इ.स. 758 च्या ताम्रपटात 'पुण्यविषय' आहे (विषय म्हणजे प्रांत) आणि दहाच वर्षांनी, 768 च्या ताम्रपटात 'पुनकविषय'. पहिलाच हाती लागला असता तर पुणे म्हणजे 'पुण्यनगरी' म्हणणारे खूश!

वाचायला तुळपुळ्यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' आणि महानुभाव पंथाची 'स्थानपोथी'. स्थानपोथीत पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, त्या गावांची जुनी नावं सापडतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश नेटवर फुकट आहे. गॅझेटियर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) बघा, पण त्यात ऐकीव कथाही जशाच्या तशा उतरवल्यात.

शिवारफेरी
पुस्तकं नंतर. आधी म्हाताऱ्या गुराख्यासोबत शिवार फिरा आणि शेतांची, ओहोळांची, माळांची नावं वहीत उतरवा. सातबाऱ्यावर गट नंबर आणि 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना असतो, पण ओहोळांची, माळांची नावं तिथे मिळणार नाहीत. 'पांढरी' कुठे म्हणतात ते खास विचारा. जुन्या वस्तीची माती पांढुरकी असते, गाव आधी तिथे असू शकतं.

ओढ्याकाठचा
खुर्द आहे की! ओढ्यापलीकडे. आम्ही त्याला लहानपणापासून 'धाकटं' म्हणतो, आत्तापर्यंत डोक्यातच आलं नाही. पांढरीचं आईला विचारतो.

मोडीवेडा
झकास. नीरची कथाही छापा बरं का, नाहीतर जत्रेत मार खाल.