बोहेमियन ऱ्हॅप्सडी अजून कसं काय चालतं?

निशाचर: काल मित्राच्या संगीतला डीजेने क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचं बोहेमियन ऱ्हॅप्सडी लावलं, वाटलं सगळे बसणार, तर विशीतली पोरं त्या ऑपेरावाल्या भागात बेंबीच्या देठापासून ओरडत होती. १९७५चं गाणं, कोरस नाही, जवळपास ६ मिनिटं. टिकलं कसं?

जुनीकॅसेट: अरे कोरस नाही म्हणूनच की! आधी संथ बॅलड, मग ऑपेरा, मग धाडकन रॉक, कंटाळायला वेळच नाही. आणि ऑपेरातला तो अख्खा जमाव म्हणजे बँडमधले फ्रेडी मर्क्युरी, मे आणि टेलर तिघेच, २४ ट्रॅकच्या टेपवर एकावर एक आवाज चढवत गेले, टेप झिजून आरपार दिसायला लागली म्हणे.

अर्धाचहा: ब्रिटनमध्ये ९ आठवडे एक नंबर, फ्रेडी वारल्यावर १९९१ला परत एक नंबर. अमेरिकेत १९९२ला एका कॉमेडी पिक्चरमध्ये गाडीत बसून डोकी हलवणारी पोरं दाखवली नि तिथे पुन्हा उचललं, थेट २ नंबर. दर पिढीला कोणीतरी नव्याने भेटवतंय.

घाटावरचा: फ्रेडी पाचगणीच्या सेंट पीटर्सचा हां, शाळेतल्या हेक्टिक्स बँडमध्ये पियानो वाजवायचा. आमच्याकडे येणारे पाहुणे मात्र स्ट्रॉबेरीचंच विचारतात 😄

निशाचर: पाचगणीचं माहीतच नव्हतं राव!